स्टेशनामागची भट्टी

आगगाडी यायच्या आधी इथे काय होतं, असं कुणी विचारलं की भट्टीकाकू म्हणायची, "माती." मग जरा थांबून, "चांगली माती होती हो."

तेव्हा तिला भट्टीकाकू म्हणत नसत, कारण म्हणायला कुणी नव्हतंच. रेल्वेच्या ठेकेदाराने तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं होतं. स्टेशनची इमारत, पाण्याच्या टाकीचा चौथरा आणि ओढ्यांवरच्या सात मोऱ्या एवढ्यासाठी विटा हव्या होत्या, आणि त्या लांबून आणण्यापेक्षा जागेवर भाजून घेणं सोयीचं होतं. नवरा, ती, धाकटा दीर आणि दोन वर्षांची लेक असे चौघे मालगाडीतून उतरले ते अर्धवट घातलेल्या रुळांच्या टोकाशी. नवऱ्याने रुळांच्या पश्चिमेला जाऊन चार ठिकाणची ढेकळं चुरून पाहिली आणि भट्टीची जागा नक्की केली. पाणी जवळ, स्टेशन जवळ, वाहतूक कमी. वारा कुठून कुठे वाहतो हे पाहायचं काही कारण नव्हतं. धूर जाणार कुणाच्या घरात, घरच नाही तर?

स्टेशन उभं राहिलं, टाकी उभी राहिली, सातवी मोरी पुरी व्हायला आली आणि दुसऱ्या हिवाळ्यात नवरा तापाने गेला. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. महिन्याभरात ठेकेदाराच्या टोळ्या तंबू गुंडाळून रुळांबरोबर पुढे सरकल्या. दीरही साचे पोत्यात भरायला लागला.

"वहिनी, आवरा. पुढे मोठा पूल आहे म्हणे. दोन वर्षांचं काम."

"आणि मग?"

"मग आणखी पुढे."

"रूळ संपेपर्यंत चालतच राहायचं का, भाऊजी? लेकीला एक दार हवं. रोज तेच."

"अहो पण विटा घेणार कोण इथे? स्टेशनमास्तर? त्याला एकच खुर्ची लागते!"

माती खणलेल्या खड्ड्यातला ओला गोळा घेऊन तिने तळहातांमध्ये त्याची दोरी वळली आणि ती दोरी बोटाभोवती गुंडाळली. दोरीला चीर गेली नाही. ते बोट तिने दिराच्या नाकासमोर धरलं. "असली माती सोडून जायची?"

दिराचा स्वभाव असा की आधी कुरकुर करायची आणि मग ऐकायचं. तो दोन दिवस कुरकुरला आणि तिसऱ्या दिवशी त्याने साचे पोत्यातून बाहेर काढले.

पुढचे काही महिने गाड्या आल्या आणि इंजिनाला पाणी पाजून गेल्या. उतरणारा कुणी नव्हता. दीर रोज संध्याकाळी पाडलेल्या विटा मोजायचा आणि मोजून झालं की सुस्कारा सोडायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

मग एका सकाळच्या गाडीतून एक किडकिडीत माणूस उतरला. त्याच्या काखेत पत्र्याची लांब नळी होती. तो सरळ भट्टीवर आला, कारण जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती.

"मुख्य रस्ता कुठे आला हो?" त्याने विचारलं.

"कसला रस्ता?"

त्याने नळीतून नकाशा काढला आणि विटांच्या थप्पीवर पसरला. आडवे सहा रस्ते, उभे चार, शंभर सव्वाशे प्लॉट, शाळा, बाजार, दवाखाना. शहरात श्वास घ्यायला जागा नाही, तासाभरात गाडी पोहोचवते, लोक इथे राहतील आणि तिथे नोकरी करतील, असं तो एका दमात सांगत सुटला. तिने नकाशा नीट पाहिला. मग मान वर करून समोरचं माळरान पाहिलं.

"हे सगळं आहे कुठे?"

"तुमच्या खड्ड्यात," तो म्हणाला. "अजून वर यायचंय."

दीर फिसकन हसला. "हवेत इमले बांधायला विटा लागत नाहीत, साहेब."

"हवेतले माझे बांधून झाले," नकाशेवाला म्हणाला. "आता जमिनीवरचे उरलेत."

हा माणूस तिला तेव्हापासून आवडला. थापाड्या होता, पण थापा खऱ्या व्हाव्यात म्हणून राबायची त्याची तयारी होती. दर रविवारी तो शहरातून माणसांचा एक डबा भरून आणायचा आणि त्यांना झुडपांतून फिरवायचा. "हा तुमचा दिवाणखाना, जरा जपून, काटे आहेत. ही खिडकी, पूर्वेकडची!" बहुतेक जण कपड्यांना चिकटलेली कुसळं काढत परत जायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत.

एक मात्र परत आला. विम्याच्या कचेरीत हेडक्लार्क होता. बायकोच्या छातीचं दुखणं होतं आणि डॉक्टरने मोकळी हवा सांगितली होती. नकाशेवाल्याने त्याला सात नंबरच्या प्लॉटवर उभं केलं होतं. तो पाणी प्यायला भट्टीवर आला आणि सहज म्हणाला, "सात नंबर घ्यावा म्हणतो. कोपऱ्याचा आहे."

"सात नका घेऊ," ती म्हणाली. "पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं तिथे. अकरा घ्या, उंचावर आहे."

नकाशेवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याच्या ताटातला घास उचलला. पण हेडक्लार्कने अकरा नंबर घेतला. पावसात सातवर बदकं पोहायला लागली, तेव्हा तो बायकोला घेऊन तिला मुद्दाम भेटायला आला. त्याचं घर हे गावातलं पहिलं घर. त्याची प्रत्येक वीट तिने स्वतः दुसऱ्या विटेवर ठोकून पाहिली होती. खणखणीत वाजली तरच गाडीत, नाहीतर बाजूला.

पहिलं घर उभं राहायला दोन वर्षं लागली. पुढच्या दोन वर्षांत वीस घरं झाली. माणूस माणूस पाहून येतो. एका घरातून चुलीचा धूर निघालेला दिसला की दुसऱ्याला धीर येतो. मग दुकान आलं, टपाल आलं, शिंपी आला, केस कापणारा आला. शाळा आधी स्टेशनच्या मालधक्क्यावर भरायची. गाडी आली की पाढे थांबायचे. मग तिलाही इमारत मिळाली. सकाळी एक गाडी होती, तिच्या दोन झाल्या, मग दुसरा रूळ पडला आणि चार झाल्या. चहाच्या टपरीवर लोक "आमच्या गावात" म्हणायला लागले, आणि कुणी "तुमचं गाव कोणतं?" विचारलं तर स्टेशनच्या पाटीवरचं नाव सांगायला लागले.

भट्टीवर आता चाळीस माणसं होती. खड्डा एवढा खोल झाला होता की तळाशी उभ्या माणसाला हाक मारली तर टोपी सांभाळत वर पाहावं लागे. दिराने लग्न केलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायचा, "केलंय की, भट्टीशी. तीच रोज तोंड लाल करून बसते." आग त्याच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. नुसत्या धुराच्या रंगावरून तो सांगायचा, कुठल्या थराला झळ पोहोचली आणि कुठे कोळसा कमी पडला.

आणि लेक? लेक त्या मालधक्क्यावरच्या शाळेत शिकली, त्याच शाळेत काही वर्षं तिने शिकवलं आणि स्टेशनातल्या तिकीटबाबूशी लग्न केलं. चौथ्या रस्त्यावर, एकोणीस नंबरच्या घरात, तिचा संसार होता. पाच वर्षांची मुलगी होती. भट्टीकाकू दर रविवारी, भट्टी थंड असली की, तिकडे जेवायला जायची. नातीसाठी ओल्या मातीचे बैल, घोडे, इंजिनं करून न्यायची आणि जावयाला म्हणायची, "तिकीट नाही काढलं हं या इंजिनाचं."

एवढ्या वर्षांत नगरपालिका झाली आणि हेडक्लार्क तिचा अध्यक्ष झाला. नोकरीतून निवृत्त झाला होता, केस पिकले होते, तरी सकाळच्या गाडीच्या वेळेला सवयीने स्टेशनवर येऊन उभा राहायचा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी पालिकेचा शिपाई भट्टीवर एक कागद देऊन गेला. त्यात लिहिलं होतं की स्टेशनच्या पश्चिमेकडील वीटभट्टीच्या धुरामुळे नागरिकांना त्रास होत असल्याचा अर्ज आला आहे, तरी मालकांनी सभेस हजर राहावे.

"नागरिक म्हणजे कोण?" दिराने विचारलं.

"ज्यांची घरं आपण बांधली ते."

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. ती आणि दीर मुलांच्या बाकावर अवघडून बसले. अध्यक्ष तिच्याकडे पाहणं टाळत होता आणि सारखा चष्मा पुसत होता. कारकुनाने अर्ज वाचला. दोरीवरचे कपडे काळे होतात, पाण्याच्या पिंपांवर काजळी धरते, म्हाताऱ्यांना आणि मुलांना खोकला लागतो. मग सह्या वाचल्या, नावांनी नव्हे तर घरांच्या नंबरांनी.

"दुसरा रस्ता, घर चार. दुसरा रस्ता, घर नऊ. तिसरा रस्ता, घर एक..."

तिला प्रत्येक घर आठवत होतं. चार नंबरच्या मालकाला चुलीसाठी गोल कडेच्या विटा हव्या होत्या. नऊ नंबरची भिंत गवंड्याने वाकडी चढवली तेव्हा तिने उतरवायला लावली होती.

"चौथा रस्ता, घर एकोणीस."

दिराने तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या फळ्याकडे पाहत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं काय आणि कुणाला?

कारकुनाचं वाचून झालं. अध्यक्षाने घसा खाकरला. "भट्टीकाकू, तुम्हाला काही सांगायचंय?"

खूप सांगण्यासारखं होतं. आधी भट्टी आली, मग गाव, हे सांगता आलं असतं. तुम्ही धूर पाहूनच प्लॉट घेतलेत, हेही. दीर तर उठायच्या बेतातच होता, तिने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं.

"चालू भट्टी पेटलेली आहे," ती म्हणाली. "शाळेच्या वरच्या मजल्याच्या विटा आहेत तिच्यात. तेवढी होऊ दे. पुढचं मी विचार करून सांगते."

सभेने सहा महिन्यांची मुदत दिली. लोक भराभर बाहेर पडले. तिच्याशी बोलायला कुणी थांबलं नाही. रागाने नव्हे, लाजेने.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी भट्टीवर उभी राहिली, पण तिचं लक्ष लागेना. माणसांना दोनदा एकच काम सांगितलं. दुपार झाली तशी तिने डोक्याचं फडकं सोडलं, हात धुतले आणि दिराला म्हणाली, "जरा जाऊन येते."

भट्टी पेटलेली असताना दिवसाउजेडी भट्टी सोडून जायची तिची ही इतक्या वर्षांतली पहिलीच वेळ. आणि म्हणूनच, चौथ्या रस्त्याला वळताना तिला जे दिसलं ते तिने आधी कधी पाहिलंच नव्हतं. पश्चिमेकडून वारा होता. धूर वर जात नव्हता. टाकीला वळसा घालून तो रस्त्यावर उतरत होता आणि घराघरांच्या मधून, माहितीच्या माणसासारखा, आरामात चालला होता. एकोणीस नंबरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. फटींत ओली फडकी कोंबलेली होती.

लेकीने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"आई? तू आत्ता?"

"आत येऊ ना?"

आत उकडत होतं. नात कॉटवर दोन उशांना टेकून बसली होती. तिने आजीला पाहून हात पुढे केले, बोलायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी खोकायला लागली. खोकला थांबेना. लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, सरावाने. भट्टीकाकूने नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती.

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. भट्टी पेटली की चार दिवसांत सुरू होतं. विझली की कमी होतं."

"मी रविवारी येते तेव्हा तर बरी असते."

"तू भट्टी थंड असताना येतेस ना, आई."

नात शांत झाली, आजीच्या अंगाला टेकून डुलक्या घ्यायला लागली. मग लेकच म्हणाली, "सही मी केली. यांनी नाही. हे तर म्हणाले, आईंच्या विरुद्ध मी कसा जाऊ."

"मला सांगायचं होतंस."

"किती वेळा तोंडावर आलं होतं! पण मला माहीत होतं ना, मी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी भट्टी बंद केली असतीस. काकांना काय वाटलं असतं? चाळीस माणसांना काय वाटलं असतं? म्हटलं, सगळ्यांबरोबर सही करावी. म्हणजे गावाने बंद केली असं होईल. तुझ्या लेकीने नाही." तिने खिडकीच्या फटीतलं सुटलेलं फडकं पुन्हा आत कोंबलं. "मला भीती वाटली, आई. एवढंच."

भट्टीकाकूने नातीचं डोकं जपून उशीवर ठेवलं. उठून खिडकीपाशी गेली आणि चौकटीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. चौकटीखालची वीट तिच्या ओळखीची होती.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच इथे थांबले होते. नाहीतर गेले नसते का रुळांबरोबर?"

तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाली.

भट्टीवर आल्या आल्या तिने दिराला बाजूला बोलावलं. "तोंडं लिंपून टाका. सगळी."

"काय?"

"चिखल लावा आणि हवा बंद करा. विझू दे."

दिराला वाटलं तिचं डोकं फिरलं. "वहिनी, पाचवाच दिवस आहे! साठ हजार विटा आहेत आत. मातीत जातील."

"मातीतूनच आल्यात."

"सहा महिने दिलेत पालिकेने! कुणी मागे लागलेलं नाही. दादाने लावलेली भट्टी, आजवर एक कच्ची वीट बाहेर दिली नाही आपण, आणि आता..."

"पोरीच्या छातीत शिट्टी वाजते, भाऊजी," ती हळू म्हणाली. "मी कान लावून ऐकली."

दिराने तिच्याकडे पाहिलं. मग धुराकडे पाहिलं, तो कुठे जातो ते. आयुष्यभर तो धुराचा रंग पाहत आला होता. धूर जातो कुठे हे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने कुरकुर केली नाही. स्वतः खोरं उचललं, चिखल कालवला आणि पहिलं तोंड लिंपायला घेतलं. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस माणसं मदतीला लागली. तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ झाली आणि चौथ्या रस्त्यावरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

भट्टी खोलली तेव्हा तिसरा हिस्सा विटा, मधल्या थरांतल्या, चांगल्या निघाल्या. बाकीच्या फिकट, हातात धरल्या तर कोपरे झडणाऱ्या. तिने त्या कुणालाही दिल्या नाहीत. शाळेचा वरचा मजला वर्षभर लांबला आणि अध्यक्षाने सभेत उभं राहून सांगितलं की उशिराचा दोष पालिकेचा आहे, भट्टीचा नाही.

त्यानंतर तो भट्टीवर आला. खड्ड्याच्या काठावर जाऊन त्याने आत वाकून पाहिलं.

"एवढं मोठं गाव इथून निघालं," तो म्हणाला. "हा बुजवायचा म्हणतात सगळे. कचरा टाकून."

"कचरा नको. पाण्याने भरू दे, काठ बांधून घ्या. तळाची माती पाणी धरते, मला माहीत आहे."

"आणि तुम्ही काय करणार?"

"पुढच्या तिसऱ्या स्टेशनात नवीन प्लॉट पडताहेत म्हणे. माती बघून यायचीय."

"या वयात पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून कसं? आता वारा बघायचं कळलं ना."

तिसऱ्या स्टेशनात माती बरी होती, इथल्याइतकी नाही. दोरी वळली तर दुसऱ्या वेढ्याला चीर जात होती. थोडी चिकणमाती मिसळली की चालण्यासारखी. तिथेही एक नकाशा होता आणि तो घेऊन हिंडणारा एक तरुण होता. त्याने तिला स्टेशनला लागून जागा दाखवली. तिने नको म्हटलं. आठ दिवस ती काठीला चिंधी बांधून माळावर फिरली, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि घरं जिथे होणार होती त्याच्या पूर्वेला, मैल दीड मैल लांब जागा धरली. वाहतूक वाढली म्हणून दीर दोन दिवस कुरकुरला. मग तिथेच खोप बांधून राहायला गेला. चाळीसपैकी तीस माणसं त्यांच्याबरोबर गेली, बाकीच्यांना रेल्वेत आणि पालिकेत कामं मिळाली. खड्ड्यात दोन पावसाळ्यांत पाणी भरलं आणि नात, खोकला मागे पडल्यावर, तिथे बापाबरोबर पोहायला शिकली.

भट्टीकाकू मात्र तिकडे राहायला गेली नाही. लेकीने मागची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती आणि आई सामान घेऊन यायची वाट पाहत दारात उभी राहिली होती. म्हणून आता भट्टीकाकू चौथ्या रस्त्यावर राहते आणि रोज सकाळच्या गाडीने कामावर जाते, गावातल्या इतर सगळ्यांसारखी. फरक एवढाच की सगळं गाव शहराच्या गाडीच्या फलाटावर दाटीवाटीने उभं असतं आणि ती समोरच्या फलाटावर एकटी, हातात डबा.

"काकू," पलीकडून कुणीतरी ओरडतं, "तुमच्या गाडीत बसायला जागा मिळते का?"

"आडवं व्हायला मिळते!" ती म्हणते. "येता का? विटा पाडायला माणसं कमी आहेत."

पलीकडे हशा पिकतो. तिकीटबाबू जावई खिडकीतून मान बाहेर काढून तिची गाडी दोन मिनिटं उशिरा आहे असं सांगतो. मग गाडी येते आणि ती खिडकीपाशी बसते.